हँड क्लच निवडताना या चुका टाळा

हातानं लिव्हर ओढून चालवायच्या क्लचला केबल घ्यावी की हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी जोडणी? फॉर्म्युला स्टुडंट या कॉलेजांच्या रेसगाडी स्पर्धेसाठी गाडी बनवणारी पोरं उद्यमनगरात शेडवर आली की पहिला प्रश्न हाच. मी त्यांना विचारतो, इंजिनावरच्या क्लच आर्मला, म्हणजे केबल ओढते त्या दांड्याला, जोर किती लागतो, आणि क्लचच्या प्लेटा सुटेपर्यंत तो किती सरकतो? हे कुणी मोजलेलं नसतं. लिव्हरची ऑर्डर मात्र गेलेली असते.

मोजायला वेळ लागत नाही. इंजिन बंद ठेवून गाडी गिअरमध्ये टाका, मागची चाकं उचला. आर्मला केबल अडकते तिथं ताणकाटा लावा, शेजारी पट्टी धरा आणि चाक मोकळं फिरेपर्यंत ओढा. हे दोन आकडे फळ्यावर लिहिल्याशिवाय मी पुढचं बोलतच नाही.

आता माझ्या सगळ्यात नावडत्या चुकीकडे येतो. केबलची बाहेरची नळी जिथं टेकते तो ब्रॅकेट. एका कॉलेजच्या गाडीत ड्यूक ३९० चं ३७३ सीसी इंजिन होतं. तापलं की क्लच दाबूनही गाडी पुढं सरकायची, न्यूट्रल सापडायचा नाही. पोरांनी प्लेटा बदलल्या, स्प्रिंगा बदलल्या, ऑइल बदललं. कोइमतूरच्या स्पर्धेसाठी गाडी टेम्पोत चढवायची वेळ आली तरी दुखणं तेच. एकाला लिव्हर ओढायला लावलं आणि मी इंजिनापाशी वाकून बघितलं. आर्म हलायच्या आधी २ मिमी पत्र्याचा ब्रॅकेटच आर्मकडं वाकत होता! लिव्हरची निम्मी ओढ पत्र्यातच जिरत होती. थंड इंजिनात कसंबसं भागायचं. तापल्यावर प्लेटा फुगल्या की उरलेली ओढ पुरायची नाही. ५ मिमीची पट्टी घेऊन तिला तिरकी रिब वेल्ड केली, दुखणं गेलं. इंजिन उघडायच्या आधी पाच मिनिटं नुसतं बघत बसायची सवय लावून घ्या, पोरांनो. घाईनं पाना हातात घेणाऱ्याला दोष दिसत नाही.

केबलची वळणंही मोजा. सगळ्या वळणांचे अंश मिळून २७० झाले, तर घर्षणांक ०.१ धरला तरी हाताला दीडपटीहून जास्त जोर लागतो. मोठ्या गोलाईनं फिरवा, एक्झॉस्टपासून लांब ठेवा.

लिव्हर थेट स्टीअरिंग व्हीलवर बसवू नका. व्हील फिरलं की केबल ताणली जाते, आणि क्विक रिलीजनं (झटक्यात व्हील सुटायची जोडणी) व्हील काढलं की केबल ड्रायव्हरच्या हातात लोंबकळते. गाडीतून ५ सेकंदांत बाहेर पडायचं असतं. मी लिव्हर चासीवरच, डाव्या हाताशी देतो.

हायड्रॉलिकवाल्यांची घाई वेगळी. हात हलका व्हावा म्हणून लहान मास्टर सिलिंडर (लिव्हरकडचा, तेल ढकलणारा) घेतात. १२.७ मिमी व्यासावरून ९.५ वर आलात, की तेवढ्याच स्ट्रोकमध्ये ४४ टक्के कमी तेल सरकतं. स्लेव्ह, म्हणजे इंजिनाकडचा सिलिंडर, तेवढाच कमी हलतो आणि क्लच अर्धवट सुटतो. आधी स्लेव्हला लागणारं तेल काढा, मग मास्टर ठरवा.

मिनरल ऑइलच्या मास्टरमध्ये डॉट ४ ब्रेक ऑइल ओतू नका, सील जातात.

लिव्हरला २-३ मिमी फ्री प्ले, म्हणजे ओढ लागायच्या आधीची मोकळी हालचाल, ठेवा. शून्य ठेवलात तर क्लच घसरून प्लेटा जळतात. आणि हे ड्रायव्हरला बेल्ट बांधून, हातमोजे घालून, इंजिन गरम असताना तपासा.