जुन्या गाडीच्या चासीला गंज? पाऊस यायच्या आत एवढं करा

मुंबईची खारी हवा आणि रस्त्यात तुंबलेलं पाणी, दोन्ही मिळून जुन्या जीपची चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, खालून खातात. मे महिन्यातच हे उरकून घ्या.

१. चासीत पाणी निघून जायला भोकं असतात, ती चिखलाने बुजतात. जाड तारेने मोकळी करा. पोकळ पट्टी आतूनच सडते, बाहेरून कितीही रंग मारा.

२. रंग फुगलाय तिथे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. आवाज टणटणीत आला तर ठीक. भद्द आला तर टोक दाबून बघा. आत घुसलं तर रंगाचा डबा बाजूला ठेवा आणि गाडी वेल्डरकडे न्या.

३. बाकी गंज वायर ब्रशने आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने काढा, थिनरने पुसा, त्याच दिवशी रेड ऑक्साइड (गंज रोखणारा तांबडा अस्तर रंग) मारा. उघडा पत्रा रात्रभर ठेवलात तर सकाळी पुन्हा तांबूस दिसेल.

४. वाळल्यावर काळ्या रंगाचे दोन हात.

गॅरेजवाला जळकं ऑइल, म्हणजे इंजिनातून काढलेलं वापरलेलं तेल, चासीवर फवारून देतो म्हणेल. स्वस्त पडतं खरं, पण रबरी बुश (सांध्यांत बसवलेले रबरी तुकडे) फुगतात आणि ब्रेकवर उडालं तर ब्रेकच लागत नाही. नको म्हणा.