मोटर जळायच्या आधी एक भागाकार करून बघा

गव्हाचं पाणी आणि कांद्याची लागण एकाच आठवड्यात आली की एका डीपीवरच्या (शेताजवळच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या) पाण्याच्या सगळ्या मोटारी एकदम चालू होतात. व्होल्टेज पडतं आणि रिवाइंडिंगच्या, म्हणजे जळालेली मोटर पुन्हा गुंडाळून देणाऱ्या दुकानापुढे मोटारींची रांग लागते. दोष डीपीला जातो. पुष्कळदा तो खराही असतो. पण स्टार्टरपासून मोटारीपर्यंतची वायर आपली असते, आणि तिच्यात किती वीज वाया जाते ते मोजता येतं.

सिंगल फेजची मोटर असेल तर सोपी युक्ती आहे. मेन स्विच बंद करून मोटारीची वायर सोडवा आणि त्या टोकाला पाणी तापवायचा 1500 वॅटचा रॉड जोडा, भरलेल्या बादलीत ठेवूनच. रॉड चालू असताना बादलीला हात नको. हे काम वायरमनला सोबत घेऊनच करा. आता रॉड चालू ठेवून तीन आकडे घ्या. समजा स्टार्टरवर 225 व्होल्ट, रॉडपाशी 207 आणि क्लॅम्प मीटरवर (तारेभोवती चिमटा धरून अँपिअर मोजणाऱ्या मीटरवर) 6 अँपिअर आले. क्लॅम्प एकाच तारेभोवती धरा. दोन्ही तारा आत घेतल्या तर शून्य दिसेल.

मधे 18 व्होल्ट हरवले. 18 भागिले 6, म्हणजे वायरचा रोध 3 ओहम. 18 गुणिले 6, म्हणजे 108 वॅट नुसती वायर तापवण्यात गेले.

आता खरी गंमत. विहीर दीडशे मीटरवर असेल तर जाऊन-येऊन तार 300 मीटर. तांब्याच्या 2.5 चौरस मिलिमीटर तारेला किलोमीटरमागे साधारण 7.4 ओहम रोध असतो, म्हणजे इथे सव्वादोन ओहम हवेत. आले तीन. उरलेला पाऊण ओहम नुसती टेप गुंडाळलेल्या जॉइंटमध्ये बसलाय. 6 गुणिले 6 गुणिले 0.75 म्हणजे 27 वॅट, छोट्या सोल्डरिंग आयर्नइतकी उष्णता! जॉइंट काळा का पडतो, ते यावरून कळेल. आधी जॉइंट नीट करा, केबल बदलायचं नंतर बघू.

थ्री फेजला रॉडची युक्ती चालत नाही, हिशेब मात्र चालतो. 5 एचपीची मोटर भरल्या लोडवर साधारण साडेसात अँपिअर घेते. तीच 2.5 ची केबल 300 मीटर असेल तर एका तारेचा रोध 2.2 ओहम, आणि तिन्ही तारांत मिळून सुमारे 370 वॅट जातात. आठ तासांच्या पाळीत तीन युनिट. 4 चौरस मिलिमीटरची केबल टाकली तर हेच 230 वॅटवर येतं.

व्होल्टेज पडलं की रॉड कमी अँपिअर घेतो; मोटर उलट जास्त घेते, कारण पाणी तर तेवढंच उचलायचं असतं. साडेसातचे नऊ अँपिअर झाले की वाइंडिंगमधली उष्णता जवळपास दीडपट होते. म्हणून ओव्हरलोड रिले (जास्त अँपिअर गेले की मोटर बंद करणारा स्टार्टरमधला भाग) मोटारीच्या पाटीवरच्या अँपिअरवरच ठेवा. सारखी ट्रिप होते म्हणून ती वाढवून ठेवणारे बरेच असतात. रिवाइंडिंगच्या रांगेत तेच पुढे दिसतात.

पाणी सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी तिन्ही फेजचे व्होल्ट आणि अँपिअर मोजा आणि तारखेसह स्टार्टरच्या दाराच्या आतून मार्करने लिहून ठेवा.