पारंपरिक धनुष्याला बाणाचा ताठपणा कसा जुळवावा

ओढ रोज सारखी, हात स्थिर, नेम नीट धरलेला, आणि तरी बाण डावीकडेच जातो. अशा वेळी तिरंदाज आपल्या सोडण्यातच चूक शोधत राहतो आणि नकळत नेम उजवीकडे धरायला लागतो. ही सवय एकदा अंगवळणी पडली की मोडायला फार जड जाते. म्हणून आधी बाण तपासावा. दांडा त्या धनुष्याला जास्त ताठ किंवा जास्त लवचिक असेल, तर कितीही सराव केला तरी तो सरळ जाणार नाही.

दांड्याच्या या ताठपणाला तिरंदाजीत स्पाइन म्हणतात. तो जुळवायला एक वजनकाटा, पिसं न लावलेले तीन-चार दांडे आणि एक निवांत दुपार पुरते.

बाण का वाकतो

पारंपरिक धनुष्यात बाण मुठीच्या, म्हणजे धनुष्य हातात धरायच्या मधल्या भागाच्या, बाजूला टेकलेला असतो, पण दोरी परतते ती धनुष्याच्या मधोमध. त्यात दोरी बोटांवरून सुटताना किंचित बाजूला सरकते. मागून जोराचा रेटा आणि पुढे जड टोक, त्यामुळे मधला दांडा वाकतो: आधी मुठीच्या दिशेने, मग उलट बाहेर, मग पुन्हा आत. या हेलकाव्यामुळेच बाण मुठीला वळसा घालून, शेपूट न आपटता निघून जातो. १९३०च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने अतिवेगवान कॅमेऱ्याने हे चित्रित केलं, तेव्हा सुटणारा बाण मासळीसारखा वळवळत जाताना स्पष्ट दिसला.

दांडा जास्त ताठ असेल तर तो पुरेसा वाकत नाही आणि मुठीपासून बाहेर ढकलला जातो. जास्त लवचिक असेल तर वळसा जास्त होतो आणि बाण उलट बाजूला जातो. इथे सांगितलेल्या सगळ्या दिशा उजव्या हाताने, तीन बोटांनी ओढणाऱ्यासाठी आहेत. डावखुऱ्यांनी त्या उलट समजाव्यात. अंगठ्याने ओढून बाण धनुष्याच्या उजव्या बाजूला ठेवणाऱ्यांनीही उलटच.

पहिली पायरी: तुमची खरी ओढ मोजा

धनुष्यावर ‘४५ पौंड, २८ इंच’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे २८ इंच ओढलं तरच ४५ पौंड. तुम्ही २८ इंच ओढताच असं नाही. एक लांब बाण लावून नेहमीसारखी पूर्ण ओढ घ्या आणि मुठीच्या पुढच्या कडेशी बाणावर कुणाला तरी पेन्सिलची खूण करायला सांगा. बाणाच्या शेपटाला दोरी बसते त्या खाचेच्या तळापासून त्या खुणेपर्यंतचं अंतर म्हणजे तुमची ओढ. मग सामान मोजायचा हुकाचा काटा दोरीत अडकवून तेवढंच ओढा आणि वजन वाचा.

काटा नसेल तर दर इंचाला साधारण अडीच पौंडांचा फरक धरा. तुम्ही साडेसव्वीस इंच ओढत असाल, तर ४५ पौंडांचं धनुष्य तुमच्या हातात जेमतेम ४१ पौंडांचं उरतं. धनुष्यावरचा आकडा पाहून बाण घेतले तर ते नेमके ताठ निघतात, आणि ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते.

दुसरी पायरी: दांड्यावरचा आकडा समजून घ्या

इथे बराच गोंधळ होतो, कारण दोन मोजमापं उलट्या दिशेने चालतात. लाकडी दांड्याची स्पाइन पौंडात सांगतात: ४०–४५, ४५–५०, ५०–५५. आकडा मोठा, दांडा ताठ. कार्बनमध्ये ती दांडा किती झुकला यावरून सांगतात: ६००, ५००, ४००. तिथे आकडा लहान, तो दांडा ताठ.

लाकडाची चाचणी घरी सहज करता येते. दोन आधार बरोबर २६ इंचांवर, म्हणजे ६६० मिलिमीटरवर ठेवा. त्यांवर दांडा आडवा टाका आणि मधोमध २ पौंड, म्हणजे ९०७ ग्रॅम वजन टांगा. पाण्याची बाटली काट्यावर ठेवून, हळूहळू पाणी ओतत नेमकी तेवढी भरली की काम झालं. वजन लावण्याआधी आणि नंतर दांड्याची उंची मोजा. जेवढे मिलिमीटर झुकला त्याने ६६०ला भागा, की पौंडातली स्पाइन मिळाली. १३ मिलिमीटर झुकला तर सुमारे ५१ पौंड. अर्ध्या मिलिमीटरचा फरकसुद्धा दोन पौंडांनी आकडा हलवतो, म्हणून पट्टी डोळ्यासमोर सरळ धरून वाचा.

लाकडी दांडा मोजताना तो कोणत्या बाजूने धरलाय यालाही महत्त्व आहे. वर्षवलयांच्या रेषा ज्या दिशेने धावतात, त्यानुसार तोच दांडा कमी-जास्त झुकतो. दोरीची खाच या रेषांना आडवी, काटकोनात कापायची, म्हणजे दोरीच्या धक्क्याने दांडा उभा चिरत नाही आणि त्याची ताठ बाजू धनुष्याकडे येते. मोजणीही त्याच बाजूने करावी.

कार्बनसाठी आधारांमधलं अंतर २८ इंच आणि वजन ८८० ग्रॅम. अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर झुकला की ती ५०० स्पाइन. अंतर आणि वजन दोन्ही वेगळं असल्यामुळे एका पद्धतीचा आकडा थेट दुसरीकडे नेऊ नका.

तिसरी पायरी: सुरुवातीचा दांडा निवडा

पहिल्या पायरीत मोजलेल्या खऱ्या ओढीच्या वजनाजवळचा लाकडी गट (४०–४५, ४५–५० असा) घ्या. बाण २८ इंचांचा आणि टोक १२५ ग्रेनचं, म्हणजे सुमारे ८ ग्रॅमचं, हे गृहीत धरून हा अंदाज चालतो. बाण एक इंच लांब असेल तर पाच पौंड वर जा, एक इंच आखूड असेल तर पाच पौंड खाली. दोरी डॅक्रॉन या ताणणाऱ्या पॉलिएस्टर धाग्याऐवजी कमी ताणणाऱ्या आधुनिक धाग्याची असेल तर धक्का जोराचा बसतो, तेव्हा आणखी पाच पौंड वर.

यापेक्षाही जास्त फरक मुठीच्या घडणीमुळे पडतो. काही रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेल्या) धनुष्यांची मूठ मध्यरेषेपर्यंत कापलेली असते. तिथे बाणाला फारसा वळसा घालावा लागत नाही, ताठ दांडाही चालतो. जुन्या घडणीचा लाँगबो (लांब, सरळ बाहूंचं धनुष्य), एकाच लाकडाचं धनुष्य किंवा घोडेस्वाराचं आखूड धनुष्य यांत बाण मध्यापासून बराच बाजूला असतो. अशा धनुष्याला ओढीच्या आकड्यापेक्षा पाच, कधी दहा पौंडांनी लवचिक दांडा लागतो.

एकाच गटाचे बारा दांडे आधीच घेऊन ठेवू नका. दोन-तीन गटांतले दोन-दोन घ्या आणि पूर्ण लांब घ्या. कापून आखूड करता येतं, जोडून लांब करता येत नाही. वजनाकडेही लक्ष असू द्या: दर पौंड ओढीमागे बाण निदान आठ-नऊ ग्रेनचा तरी हवा. ४१ पौंडांना साधारण ३७० ग्रेन, म्हणजे २४ ग्रॅम. फार हलका बाण धनुष्याच्या बाहूंवर ताण आणतो.

चौथी पायरी: बिनपिसांची चाचणी

पिसं बाण उडताना सावरतात, आणि म्हणूनच दोष लपवतात. बिनपिसांचा दांडा धनुष्यातून जसा निघाला तसाच लक्ष्यावर पोहोचतो. मला या एका चाचणीवर सगळ्या तक्त्यांपेक्षा जास्त भरवसा आहे.

दांड्यांना नेहमीचं टोक लावा. शेपटाकडे पिसांच्या वजनाइतकी चिकटपट्टी गुंडाळा. मऊ, रुंद लक्ष्य घ्या, मागे आणि बाजूला कुणी नसल्याची खात्री करा, कारण असा दांडा वाकडा जाऊ शकतो. पाच-सहा मीटरवरून सुरुवात करा, मग दहा, मग अठरा. प्रत्येक अंतरावर तीन पिसांचे आणि तीन बिनपिसांचे बाण, एकाच नेमाने सोडा.

आधी वर-खाली पाहा. बिनपिसांचे दांडे खाली लागत असतील तर दोरीवरची बाण लावायची खूण वर आहे, ती थोडी खाली घ्या. वर लागत असतील तर उलट. ही खूण जागेवर आल्याशिवाय डाव्या-उजव्याचा विचारच करू नका. शेपूट मुठीला आदळत असेल तर बाजूचं वाचन फसवं येतं. बाण टेकतो तिथल्या चामड्यावर एक लांबट, चकाकणारा चरा उमटतो आणि सुटताना ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो. तो ऐकू आला की त्या बाणाचा निकाल धरू नका.

मग बाजू पाहा. बिनपिसांचे बाण पिसांच्या बाणांच्या डावीकडे लागले तर दांडा ताठ, उजवीकडे लागले तर लवचिक. एका बाणावरून ठरवू नका. सोडणं बिघडलं तरी दांडा भरकटतो. तीनही एकाच बाजूला, सलग दोन-तीन फेऱ्यांत गेले, तरच तो बाणाचा दोष.

पाचवी पायरी: दुरुस्ती

दांडा ताठ निघाला तर जड टोक लावून पाहा. १२५ ऐवजी १४५, मग १६०. टोक जड झालं की मधला दांडा जास्त वाकतो.

लवचिक निघाला तर हलकं टोक लावा किंवा दांडा कापा. कापताना एका वेळी पाव इंचच. दांड्याचं झुकणं लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, त्यामुळे २९ इंचांचा दांडा २८वर आणला की त्याचं झुकणं दहा टक्क्यांनी घटतं. मी एकदा घाईत सहा दांडे एकदम इंचभर कापले आणि सहाही त्या धनुष्याला ताठ झाले. पाव इंच कापा, सोडून पाहा, मग पुढचा पाव इंच. आणि काहीही झालं तरी पूर्ण ओढीला टोक मुठीच्या निदान इंचभर पुढे राहिलं पाहिजे. त्याहून आखूड बाण मुठीच्या आत ओढला गेला तर हाताला इजा होते.

एवढं करूनही जमलं नाही तर दांडाच बदला. भरीव लाकडात जाडीचा परिणाम फार मोठा असतो: त्याच लाकडाचा ५/१६ ऐवजी ११/३२ इंच जाडीचा दांडा जवळजवळ दीडपट ताठ होतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि तीही लिहून ठेवायची: लांबी, टोकाचं वजन, दोरीची उंची (मुठीपासून दोरीपर्यंतचं अंतर), कुठे लागला.

पिसं लावण्याआधी

जुळलेल्या दांड्याचे सगळे आकडे घेऊन आता बाकीचे दांडे विकत घ्या. लाकडी दांडे आल्यावर प्रत्येकाची स्पाइन वरच्या पद्धतीने मोजा आणि शेपटाजवळ पेन्सिलने लिहा. पाच पौंडांच्या गटातही एक ४१चा आणि एक ४५चा निघतो. दोन पौंडांच्या आतले एकत्र ठेवा, उरलेले वेगळ्या संचासाठी राखा. पिसं लावल्यावर प्रत्येक बाणाला क्रमांक द्या. पाच-सहा फेऱ्यांत एकच क्रमांक पुन्हापुन्हा बाहेर जात असेल, तर तो बाण काढून त्याची चीर, वाक आणि खाच तपासा. चिरलेला दांडा पुन्हा दोरीवर चढवायचा नाही, मधून तोडून टाकायचा.