सेल्फ उतरवण्याआधी अर्थिंग बघा

मुळशीच्या पावसात उभ्या राहिलेल्या जुन्या चेनच्या ट्रॅक्टरचा सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) नुसता ‘टक्’ करून थांबला, तर लगेच खोलून वाइंडिंगला नेऊ नका. बॅटरी चार्ज आहे ना, बघा. मग व्होल्ट मोजायच्या मीटरची एक पिन बॅटरीच्या ज्या टर्मिनलची वायर ट्रॅक्टरच्या बॉडीला जोडलेली आहे त्यावर, दुसरी सेल्फच्या बॉडीवर धरा आणि कुणाला तरी सेल मारायला, म्हणजे सेल्फ फिरवायला, सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर दोष अर्थिंगमध्ये, म्हणजे बॅटरी ते बॉडीच्या जोडणीत. गंजलेला बोल्ट घासून आवळा. तिथे काही नसेल, तर सोलेनॉइडच्या (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचच्या) दोन जाड बोल्टांवर पिना धरा. सेल मारतानाही पूर्ण व्होल्टेज दिसलं, तर आतले कॉन्टॅक्ट जळालेत.

आणि या बोल्टांना पान्हा टेकवून सेल मारायची सवय कृपा करून सोडा. गिअर पडलेला असेल, तर चेन थेट अंगावर येते.