टॅलीत नोंदी चढवताना माझी तारखांची फजिती

टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर, आणि बाहेरच्या नोंदी त्यात एकगठ्ठा चढवायच्या तर एक्सएमएल, म्हणजे खुणांमध्ये माहिती मांडलेली मजकूर फाइल, वापरता येते. टॅली येतं, एक्सेल येतं, मग एक्सएमएल काय मोठंसं, असं मलाही वाटलं होतं. सीएच्या ऑफिसात लागून जेमतेम तीन महिने झाले होते. एका दुकानाच्या एप्रिल ते डिसेंबर २०२३ च्या विक्रीच्या नोंदी सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेल्या साध्या मजकूर फाइलमध्ये, आल्या होत्या. ती एक्सेलमध्ये उघडून कुणाकडून तरी आणलेल्या मॅक्रोने (एक्सेलमध्ये चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामने) मी त्यांचं एक्सएमएल केलं.

पहिल्याच फटक्यात आयात अडली. एका लेजरच्या, म्हणजे खात्याच्या, नावात '&' होतं. ते एक्सएमएलला तसंच चालत नाही, पुढे ए-एम-पी आणि अर्धविराम जोडावा लागतो. असल्या चुकांना घाबरू नका, त्या ओरडून सांगतात. नावे (डेबिट) रकमेला उणे चिन्ह लागतं, लेजर आधी आणि व्हाउचर (व्यवहाराच्या नोंदी) नंतर, हेही दोन दिवसांत अंगवळणी पडतं.

मला खाल्लं ते तारखांनी. माझ्या कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन होती. ०५/०६/२०२३, म्हणजे आपली ५ जून, एक्सेलने ६ मे धरली. १३/०६ ला मात्र तेरावा महिनाच नाही, म्हणून ती मजकूर म्हणून तशीच राहिली आणि मॅक्रोने बरोबर वाचली. थोडक्यात, १३ पासूनच्या नोंदी जागच्या जागी आणि १ ते १२ च्या बहुतेक भलत्याच महिन्यांत. एक्सएमएलमध्ये टॅलीला तारीख आठ आकडी लागते, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. २०२३०६०५ काय नि २०२३०५०६ काय, दोन्ही तितक्याच शुद्ध! टॅलीतली हिशेबाची पुस्तकं २०२२ पासूनची, त्यामुळे जानेवारी-मार्चमध्ये, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षात, घुसलेल्या नोंदीही मुकाट आत गेल्या. संख्या जुळली, डिसेंबरअखेरची बाकी पैशाला पैसा जुळली. मी चहाला गेले.

जीएसटीचे महिन्याचे आकडे लावताना बिंग फुटलं. सही झालेला मागच्या वर्षाचा ताळेबंदही हलला होता. बॅकअप? नव्हता.

रकान्यात काही तारखा उजवीला चिकटलेल्या आणि काही डावीला दिसल्या, तर तिथेच थांबा. सीएसव्हीवर डबल क्लिक करू नका. डेटा टॅबमधून आणा आणि तारखेचा रकाना टेक्स्ट ठेवा. मॅक्रो वापरा, पण आधी टॅलीत एक व्हाउचर हाताने टाकून त्याचं एक्सएमएल काढून वाचा. 'चालतंय ना, मग झालं' म्हणणारे सिनियर ऑफिसोऑफिसी असतात. त्यांचं ऐकू नका.

आमच्या सरांनी मला काढलं नाही. दोन रात्री डे बुक (टॅलीतली तारीखवार नोंदींची यादी) उघडून एकेक नोंद पुसायला लावली, आणि तिसऱ्या दिवशी तीच फाइल पुन्हा माझ्याकडेच दिली.