टॉप युनिव्हर्सिटीला अप्लाय करायचं का? असं ठरवा

आधी अ‍ॅक्सेप्टन्स रेट बघा पण तिथेच थांबू नका. हार्वर्ड, स्टॅनफर्ड 100 अर्जांतले 5 पण घेत नाहीत, म्हणजे भारी मार्कवाली पोरंपण ढिगाने बाहेर राहतात, त्यामुळे नकार आला म्हणजे तुम्ही कमी पडलात असं अजिबात नसतं.

मग कॉमन डेटा सेट शोधा, बऱ्याच अमेरिकन युनिव्हर्सिटी तो दरवर्षी टाकतात, त्यात अ‍ॅडमिशन झालेल्यांचे स्कोअर असतात आणि निबंध, शिफारसपत्र याला किती वजन देतात तेही कळतं. तुमचा स्कोअर त्या पट्ट्यात बसतोय ना, मग बिनधास्त करा. खूपच खाली असेल तर तीच मेहनत दुसऱ्या अर्जांवर घाला.

पैशाचं मात्र घरी आधीच बोला, प्लीज. अर्ली डिसिजन, म्हणजे एकाच आवडत्या युनिव्हर्सिटीला लवकर केलेला अर्ज, बंधनकारक असतं, निवड झाली की बाकीचे अर्ज मागे घ्यावे लागतात, मग स्कॉलरशिपच्या ऑफर शेजारी ठेवून बघता येत नाहीत, म्हणून खर्चाची खात्री नसेल तर रेग्युलर, म्हणजे नेहमीच्या मुदतीतला बंधन नसलेला अर्जच बरा.

ऑक्सफर्ड-केंब्रिजचं वेगळं, पदवीसाठी साधारणपणे एका वर्षी या दोघांपैकी एकाच ठिकाणी अर्ज चालतो, आणि इंटरव्ह्यूत विषयावरच खोदून विचारतात, सो विषय मनापासून आवडत असेल तरच.