बोर्ड आत, सायकल बाहेर: बर्फाच्या देशात नव्याने आलेल्यांसाठी

बर्फाच्या देशात पहिला हिवाळा काढलेल्या आणि त्यात हौसेने स्नोबोर्ड शिकलेल्या मंडळींना मार्चच्या अखेरीस एकदम चुकल्यासारखं व्हायला लागतं. उतारावरचा बर्फ सकाळी टणक असतो, दुपारी त्याचा ओला लगदा होतो आणि खाली रस्ते मात्र कोरडे पडायला लागलेले असतात. बरीच वर्षं इथे राहिलेले आम्ही लोक याच सुमारास सायकली बाहेर काढतो. तुम्हीही काढा. फक्त एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा: बोर्डाने तुमची नजर आणि तुमचा तोल तयार केलाय, दम तयार केलेला नाही. नवीन मंडळी नेमकं उलटं धरून चालतात. हिवाळाभर मांड्या दणकट झाल्यात, आता सायकल काय मोठीशी, असं म्हणत पहिल्याच रविवारी लांबचा पल्ला मारतात आणि दुसऱ्या रविवारी गुडघ्याला बर्फ लावून घरी बसतात.

याचं कारण साधं आहे. बोर्डिंगमध्ये चढायचं काम लिफ्ट करते. उतरताना गुडघे वाकवून मांड्या ताण धरून ठेवतात, धक्के पचवतात. हे सगळं काही मिनिटं, मग पुन्हा लिफ्टच्या खुर्चीत बसून गप्पा. सायकलवर तोच स्नायू मिनिटाला ऐंशी-नव्वद वेळा आखडतो आणि सैल पडतो, तेही तासभर, दोन तास. तिथे मांडीच्या ताकदीपेक्षा हृदय आणि फुप्फुसं किती वेळ साथ देतात ते महत्त्वाचं. बर्फावरून सायकलवर येऊन नाव काढलेले खेळाडू पाहिले तरी हे कळतं. पूर्व जर्मनीच्या क्रिस्टा लुडिंग-रोथेनबर्गरने १९८८ साली कॅल्गरीत स्पीड स्केटिंगचं सुवर्ण आणि त्याच वर्षी सोलला सायकलिंगचं रौप्य मिळवलं. अमेरिकेचा एरिक हायडन १९८० मध्ये लेक प्लॅसिडला स्केटिंगची पाच सुवर्णपदकं जिंकला आणि १९८६ मध्ये टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत उतरला. कॅनडाच्या क्लारा ह्यूजेसकडे दोन्ही खेळांतली ऑलिम्पिक पदकं आहेत. हे सगळे स्केटर, म्हणजे स्वतःच्या पायांच्या जोरावर पुढे जाणारे. उतारावरच्या खेळातून आलेलं ठळक नाव एकच आठवतं, स्लोव्हेनियाचा प्रिमोझ रोग्लिच. तो स्की जंपिंग सोडून आला आणि २०१९ मध्ये त्याने व्हुएल्टा ही स्पेनची मोठी सायकल शर्यत जिंकली. पण आपण काही रोग्लिच नाही.

तेव्हा पहिले तीन-चार आठवडे बेताने घ्या. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकाच वेग ठेवा. धाप लागून शब्द तुटायला लागले की हळू करा. गिअर हलका ठेवा आणि पाय भरभर फिरवा, मिनिटाला ८० ते ९० फेरे. बोर्डवाल्यांना इथेच जड जातं, कारण जोर लावून दाबायची सवय झालेली असते. जड गिअर दाबत चढ चढला की मजा येते खरी, पण त्याची किंमत गुडघा मोजतो.

सीटची उंची पहिल्याच दिवशी लावून घ्या. भिंतीला टेकून सीटवर बसा, टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल अगदी खाली न्या. त्या स्थितीत पाय सरळ झाला पाहिजे. मग नेहमीसारखा चवडा पॅडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा वाक राहतो. गुडघा पुढच्या बाजूने दुखायला लागला तर सीट बहुधा खाली आहे, मागच्या बाजूने दुखला तर वर आहे. एका वेळी अर्धा सेंटिमीटरच हलवा आणि दोन-तीन राइड बघा. बूड तर पहिले काही आठवडे दुखतंच, त्याला इलाज नाही. जाड गादीची सीट घ्यायचा मोह होतो, पण तिने त्रास वाढतो. हाडांच्या रुंदीला बसणारी जरा टणक सीट आणि आत पॅड असलेली चड्डी घ्या. ती चड्डी थेट अंगावर घालायची असते, आत दुसरं काही नाही. हे सांगायला सगळेच लाजतात, म्हणून लिहून ठेवतो.

आता ब्रेक. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आपल्या माणसांना हमखास अडचण येते ती इथेच. भारतात सायकलचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, मोटारसायकलचाही तसाच. ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया इथेही सायकलला हीच पद्धत. पण अमेरिकेत आणि युरोपातल्या बऱ्याच देशांत पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो. तुमचा हात वर्षानुवर्षांच्या सवयीने चालतो. घाईत डावा हात आवळाल, मागचाच लागणार या समजुतीने जोरात आवळाल, आणि लागेल पुढचा. थांबवण्याची बहुतेक ताकद पुढच्या ब्रेकमध्येच असते, त्यामुळे तो वापरायचाच, पण हळूहळू दाब वाढवत आणि बूड जरा मागे सरकवून. एकदम आवळला आणि वजन पुढे असलं तर मागचं चाक उचलतं. म्हणून नवी-जुनी कुठलीही सायकल हातात आली की आधी उतरून, चालत ढकलत एकेक ब्रेक दाबून बघा. कुठलं चाक अडतं ते हाताला कळू द्या. मग रिकाम्या पार्किंगमध्ये दहा-पंधरा वेळा थांबून बघा. नाहीच जमलं तर दुकानात केबल अदलाबदल करून मिळतात, त्यात कमीपणा काही नाही.

रस्त्याच्या उजव्या बाजूने वाहतूक चालणाऱ्या देशात गाड्या तुम्हाला डावीकडून ओलांडतात. इथे बोर्डिंगची एक सवय अनपेक्षितपणे कामाला येते. डावा पाय पुढे ठेवून उभे राहणाऱ्या, म्हणजे रेग्युलर मंडळींची पाठ डावीकडे असते. टाचेच्या बाजूला वळण्याआधी डाव्या खांद्यावरून मागे बघायचं, नाहीतर कुणीतरी येऊन आदळतं, हे तुम्ही शिकलेलाच आहात. नेमका तोच खांदा, तीच मान. गूफी, म्हणजे उजवा पाय पुढे ठेवणाऱ्या मंडळींना ही सवय मुद्दाम लावून घ्यावी लागेल. फक्त मान वळवली की हँडलही नकळत त्याच बाजूला ओढलं जातं. पार्किंगच्या पांढऱ्या रेषेवरून सरळ जाताना मागे बघायचा सराव करा. रेषा न सोडता मागच्या गाडीचा रंग सांगता आला की रस्त्यावर जायला हरकत नाही.

वसंतातला रस्ता वरून कोरडा दिसतो, पण भरवशाचा नसतो. हिवाळाभर टाकलेली वाळू आणि बारीक खडी वळणांवर आणि कडेला साचलेली असते आणि झाडणारी गाडी कधी येईल सांगता येत नाही. पाणी गोठताना साधारण ९ टक्क्यांनी फुगतं, त्यामुळे डांबराच्या भेगांत शिरलेलं पाणी रोज रात्री रस्ता फोडतं आणि काल नसलेला खड्डा आज असतो. दिवसा वितळलेलं पाणी रात्री पुन्हा गोठतं. सकाळी लवकर निघालात तर पूल आणि सावलीतली वळणं संशयानेच घ्या. पुलाला खालूनही गार हवा लागते, म्हणून तो आधी गोठतो.

समजा, पुढे उजवं वळण आहे आणि आतल्या बाजूला खडी पसरलेली दिसतेय. बोर्डवर असता तर पाय आपोआप एज, म्हणजे बोर्डाची धातूची कड, रोवायला गेले असते. सायकलच्या टायरला एज नसते. वळणाच्या आधी, सरळ असतानाच वेग कमी करा. खडीवर ब्रेक लावू नका, सायकल कमीत कमी तिरकी करा, बाहेरचा पाय खाली आणि वजन त्याच पॅडलवर. आणि नजर वळण जिथे संपतं तिथे. खडीकडे बघत राहिलात तर खडीतच जाल. झाडाकडे बघितलं की बोर्ड झाडाकडेच जातो, हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं ना, तेच इथेही लागू. नजरेच्या बाबतीत तुम्ही नवशिके नाही. चांगला बोर्डर ताज्या बर्फात वाट जशी आधी वाचतो, तसाच रस्ता वाचा. ट्रामचे रूळ असतील तिथे ते शक्य तितक्या काटकोनात ओलांडा, पावसात तर नक्कीच. ओले पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणंही घसरतात.

पडण्याचा हिशोबही बदलतो. बोर्डवर पडून मनगटं दुखतात आणि बर्फ बरंच सोसून घेतो. डांबर काहीच सोसत नाही, आणि सायकलवाल्यांचं नेहमी मोडणारं हाड म्हणजे खांद्याजवळची हसळी (कॉलरबोन). बोर्डिंगचं हेल्मेट सायकलवर चालवून घेऊ नका. युरोपात स्कीइंग-स्नोबोर्डच्या हेल्मेटचं मानक ईएन १०७७ आहे आणि सायकलच्या हेल्मेटचं ईएन १०७८. अंक जवळजवळचे असले तरी वस्तू वेगळ्या. बोर्डिंगचं हेल्मेट ऊब धरायला बनवलेलं, चढावर डोकं उकडून निघतं.

तीच गोष्ट जॅकेटची. बोर्डिंगचं फुगीर जॅकेट घालून निघालात तर पहिल्या चढावर घाम फुटेल आणि पुढच्या उतारावर तो घाम गार पडेल. ५ अंश तापमानात ताशी २५ किलोमीटर वेगाने जाताना अंगाला शून्याच्या आसपासची थंडी लागते, तेव्हा वारा अडवणारं पातळ जॅकेट हवंच, पण आत पातळ थरच ठेवा. दारातून निघताना किंचित गारठल्यासारखं वाटलं तर कपडे बरोबर आहेत. बोटं आणि कान मात्र झाका. गॉगलऐवजी साधा चष्मा पुरतो, पारदर्शक काचांचा असला तर संध्याकाळीही चालतो.

सायकल जुनी घेणार असाल तर दोन गोष्टी. मालकी कुणाची आहे ते विचारा आणि फ्रेमवर, बहुधा खालच्या बाजूला पॅडलच्या आसाजवळ कोरलेला क्रमांक बघा. तो खरवडलेला असेल तर कितीही स्वस्त असू दे, निघून या. आणि चेनची झीज मोजून घ्या. चेन फक्त ०.७५ टक्के ताणली तरी बदलायची वेळ झालेली असते, मागे ११ किंवा १२ गिअर असलेल्या सायकलींना तर ०.५ टक्क्यालाच. तशीच चालवलीत तर मागचे दाते पण बदलावे लागतात. दुकानातून सर्व्हिसिंग करून घ्यायचं तर बर्फ असतानाच टाका. पहिला उबदार शनिवार उजाडला की सगळं गाव रांगेत असतं.

हवा भरायच्या आधी व्हॉल्व्ह बघा. आपल्याकडच्या साध्या सायकलींचा व्हॉल्व्ह इथे फारसा दिसत नाही. इथे एक तर मोटारीसारखा जाड श्रेडर असतो, नाहीतर बारीक प्रेस्टा. प्रेस्टाच्या टोकाची इवलीशी पितळी नट आधी सैल करायची, बोटाने एकदा दाबून फुस्स आवाज काढायचा, मगच पंप लावायचा. नट न सोडता पंप मारत बसलेली माणसं दरवर्षी दिसतात. किती हवा ते टायरच्या बाजूला लिहिलेलं असतं. वरच्या मर्यादेपर्यंत फुगवू नका, खडबडीत रस्त्यावर थोडी कमीच बरी.

बोर्ड कोपऱ्यात टाकून विसरू नका. एजवरचा गंज घासून काढा, कोरडं पुसा, तळाला वॅक्सचा जाड थर द्या आणि तो खरवडू नका, उन्हाळाभर तसाच राहू द्या. बूट अडकवायच्या बाइंडिंगचे स्क्रू सैल करा. बुटांची अस्तरं काढून पूर्ण वाळवा. दमट तळघर आणि तापणारा पोटमाळा, दोन्ही टाळा.

डोंगरातल्या मातीच्या वाटांची घाई नको. बर्फ गेला म्हणजे वाट तयार झाली असं नाही. ओल्या मातीत टायरने पाडलेल्या चरा वाळल्यावर तशाच राहतात आणि वाट राखणारे स्वयंसेवक त्या उन्हाळाभर बुजवत बसतात. टायरला चिखल चिकटायला लागला की परत फिरा. वाट बंदची पाटी असेल तर वाद नको.

आणि एकट्याने फिरत बसू नका. लिफ्टच्या खुर्चीत अनोळखी माणसाशी बोलणं आपोआप होतं, सायकलवर त्यासाठी ग्रुप शोधावा लागतो. कुणालाही मागे न सोडणारा ग्रुप आहे का, ते आधी विचारा आणि वेग किती असतो तेही. पुढचा खड्ड्याकडे हात दाखवतो, तो हात मागच्यासाठी तुम्हीही दाखवायचा. मध्येच ब्रेक मारायचा नाही, पुढच्याच्या चाकाला आपलं चाक बाजूने खेटवायचं नाही. दीड तासापेक्षा मोठी राइड असेल तर खिशात खायला ठेवा आणि भुकेची वाट न बघता खात राहा. पंक्चर काढता येत नसेल तर सरळ सांगा, कुणीतरी थांबून शिकवतंच. ट्यूब मात्र तुमच्या चाकाच्या मापाची, तुमच्याच व्हॉल्व्हची, तुमच्याच पिशवीत असली पाहिजे.